हातगुण

धाकटी सून पुण्याला असते. चौथ्या मजल्यावरचं घर, त्याला लागून वीतभर गॅलरी. मागच्या साली तिनं त्या गॅलरीत पाच कुंड्यांमध्ये मिरची लावली होती. अशी लागली की शेजारच्या दोन घरी वाटून, वर आम्हाला खारी मिरची करून पाठवली. यंदा त्याच कुंड्या, तीच माती, तीच बाई, आणि झाडाला नुसती पानंच पानं. फूल येते अन् गळते. दोन झाडांचे तर शेंडेच आखडले. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्या हाताला गुणच नाही. मागच्या वर्षी चुकून आल्या असतील."

मला जे कळते ते मी सांगितलं. खत जास्त झालं की झाड पानावर जाते, जरा हात आखड. दिवसभर ऊन तापून रात्रही उबट राहिली की मिरचीचं फूल टिकत नाही, सिमेंटच्या गॅलरीत ते होणारच. ती हो हो म्हणाली. फोन ठेवला आणि मी बाजेवर तसाच बसून राहिलो. घरच्यांनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

हेच बोलणं आमच्या घरात पन्नास वर्षांमागं एकदा झालं होतं. तेव्हा ते त्या बाईनं स्वतःबद्दल म्हटलं नव्हतं, घरानं तिच्याबद्दल म्हटलं होतं. आणि त्यात माझाही हात होता.

आमचं गाव नांदुऱ्याहून उत्तरेला, पूर्णेच्या अंगाला. ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांना सांगतो. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. माती काळीभोर, पाहून कोणालाही हेवा वाटावा, पण खाली पाणी खारं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. ते ढोर पिते, माणूस नाइलाजानं पिते, मिरचीचं झाड मात्र पीत नाही. आठ दिवस दिलं की पानाच्या कडा करपतात. म्हणून आमच्याकडे वावरात पऱ्हाटी, ज्वारी, तूर, मूग, आणि मिरची सांदवाडीत. सांदवाडी म्हणजे घरामागची जागा, जिथं न्हाणीचं पाणी जाते, उकिरडा असते, पऱ्हाट्यांचं कुंपण असते, आणि जिथं पुरुषाचं काही काम नसते. पावसाच्या पाण्यावर आणि बाईच्या ध्यानावर मिरची जगायची.

वऱ्हाडात मिरचीवाचून जेवण नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी मिलोची लाल भाकर खाल्ली, ती घशाखाली उतरली ती वाळल्या मिरचीच्या ठेच्यामुळंच. ज्या घरी वर्षाची मिरची सांदवाडीतून निघते त्या घरचा एक मोठा खर्च वाचते. त्यामुळं बारा-पंधरा झाडं हा हौसेचा मामला नव्हता. त्यावर घराची नजर असायची.

मोठी वहिनी आमच्या घरी आली ती सतराव्या वर्षी. तिच्या आधी सांदवाडीत काही धड येत नव्हतं, असं मायच म्हणे. वहिनीनं काय केलं? आज मी शेतीत पन्नास वर्षं काढून सांगू शकतो की तिनं साध्याच गोष्टी केल्या, पण रोज केल्या. शेणखत दोन वर्षांचं मुरलेलं वापरलं. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरली. दुपारी कधी पाणी घातलं नाही. रोज एक चक्कर, प्रत्येक झाडाचं एक तरी पान उलटं करून पाहणं, आखडलेला शेंडा दिसला की खुडून चुलीत टाकणं. बी स्वतः धरायची, सगळ्यात निरोगी झाडाची पहिली दुसरी लाल मिरची सोडून तिसऱ्या तोडणीची. का म्हणून विचारलं तर म्हणे, "माह्या मायच्या घरी असंच करतात."

दुष्काळानंतरच्या साली, १९७३ ला, पाऊस चांगला झाला. त्या साली आमच्या बारा झाडांना जी मिरची लागली ती मी विसरलो नाही. धाब्यावर लाल चादर अंथरल्यासारखी वाळत होती. आळीतल्या बाया यायच्या. रोप लावताना म्हणायच्या, "व बाई, पयलं रोप तू लाव, तुह्या हाताले गुण हाय." वहिनी त्यांच्या घरी जाऊन पहिलं रोप टोचून यायची. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती अन् कूस उजवली नव्हती. एक म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "देवानं कूस बंद ठेवली, पन हातात गुण देला." सगळ्यांना ते बोलणं गोड वाटलं. मायला वाटलं, मलाही वाटलं. वहिनी खाली पाहून हसली.

आज ते आठवलं की वाटते, फास तिथंच पडला होता. त्या म्हातारीनं हात आणि कूस एका गाठीत बांधून ठेवले. गाठ कौतुकाची होती म्हणून कोणाला दिसली नाही. पुढल्या साली ती फक्त उलटी ओढायची बाकी होती.

पुढलं साल १९७४. मी दहावीत गेलो. आमचीच दहावीची पहिली बॅच, त्याआधी मॅट्रिक अकरावीला असे. बापानं सांगून ठेवलं होतं, नापास झाला तर वखर धरायचा. जूनमध्ये वहिनीनं न्हाणीजवळ वाफा करून घरच्या बियाचं रोप टाकलं. रोप चार बोटं झालं असेल. त्या दिवशी सगळे वावरात, मी घरी अभ्यासाला. वहिनी जाताना म्हणाली, "भाऊजी, सांदवाडीची काटी लावून ठेवजा." मी लावली नाही. अभ्यासही केला नाही, पोट्ट्यांसोबत नदीकडं गेलो. आलो तर शेजारची बकरी वाफ्यात उभी. एकही रोप शाबूत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी आली, तिनं पाहिलं. मला काही बोलली नाही. बाप घरात येत होता, तर तिनं पटकन वाफ्यावर पळसाच्या डहाळ्या टाकल्या, जशा रोज उन्हासाठी टाकत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाजार हाय ना उद्या? रोप घेऊन या." वहीसाठी दिलेले पैसे माझ्याजवळ होते. नांदुऱ्याच्या बाजारात उशिरा पोचलो. एका माळणीच्या टोपल्यात तळाशी उरलेली जुडी होती, चार आण्याला दिली. त्या रोपांचे शेंडे तेव्हाच आखडलेले होते का? मला कधी वाटते होते, कधी वाटते नव्हते. पन्नास वर्षांत माणूस आपल्या सोयीनं आठवत जाते, म्हणून त्यावर मी आता साक्ष देत नाही.

पाऊस पडल्यावर वहिनीनं ते रोप लावलं. घरात कोणाला काही कळलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

श्रावणात झाडं आखडायला लागली. पानं बारकी, वाटीसारखी वळलेली, फूल लागलं की गळून खाली. आमच्याकडे त्या रोगाला बोकड्या म्हणतात. मला तेव्हा त्या नावाचीही भीती वाटे, जणू बकरी पुन्हा नाव घेऊन आली. आज मला माहीत आहे की त्याची तीन-चार कारणं असतात. फुलकिडे रस शोषतात तेव्हा पान वर वळते, कोळी असला तर खाली वळते, आणि पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असला तर झाड कायमचं खुरटते, त्याला औषध नाही. ती माशी पऱ्हाटीवरही असते, आणि आमचं कुंपण ओलांडलं की पऱ्हाटीच पऱ्हाटी. म्हणजे रोग रोपातून आला की वावरातून उडून आला, हे त्या वेळी कृषी विद्यापीठाचा माणूस आणून उभा केला असता तरी नक्की सांगता आलं नसतं.

पण घराला कारण लागते, अन् लवकर लागते. पहिले आठ दिवस कारण आभाळ होतं. खंड पडला, ऊन तापलं. मग आभाळावर किती दिवस बोलणार, ते काही ऐकत नाही. मग दृष्ट. मागच्या साली बाया फार वाखाणत होत्या. मायनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. तुम्ही ही गंमत पाहा, की ज्या मिरचीनं दुनियेची दृष्ट काढायची तिलाच दृष्ट लागली, अन् ती काढायलाही मिरचीच. पण दृष्ट म्हटली की कोणाची, हा प्रश्न येतो, आणि शेजाऱ्याचं नाव घेतलं की भांडण होते. तेव्हा कारण आणखी जवळ आलं. आजी म्हणाली, इटाळशीचा हात लागला असन. आणि एकदा तो हात म्हटल्यावर पुढं सगळं सरळ उतार होता. इटाळ कोणाचा, तर झाडं जिची तिचा. हात कोणाचा, तर जिची कूस उजवत नाही तिचा. "हातच फिरला तिचा," माय म्हणाली. हातात गुण आहे म्हणणाऱ्या त्याच बाया आता आपल्या वाफ्याकडं तिला येऊ देईनात.

पुढं वाचनात आलं की मिरची आपल्या देशातली नाहीच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात इकडं आली. ज्ञानेश्वर महाराजांनी कधी मिरची पाहिली नसेल, त्यांच्या काळी तिखट म्हणजे मिरे. मिरीवरूनच मिरची हे नाव. मग मिरचीला कोणाचा हात चालते, कोणाचा नाही, हे कोणत्या पोथीत असणार? झाड परदेशातून आलं, त्याचा विटाळ मात्र आम्ही घरीच तयार केला. हे मला त्या साली माहीत असतं तर मी बोललो असतो का? नाही. मला जे माहीत होतं तेवढंही मी बोललो नाही.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य, आंबील, घरभर बाया. त्या साली वहिनीला स्वयंपाकात येऊ दिलं नाही. कोणी ये नको म्हटलं नाही, फक्त प्रत्येक वेळी तिच्या हातातली वस्तू दुसरीनं घेतली. ती बाहेर भांडी घासत बसली. मी पाणी प्यायला गेलो, तर दोघंच होतो. मी म्हटलं, "वहिनी, मी सांगू का मायले? बकरीचं?"

हे मी विचारलं, आणि अशा बेतानं विचारलं की ती नाही म्हणेल. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एवढा बेत कळतो. ती राखेच्या हातानं केस मागं सारत म्हणाली, "राहू द्या भाऊजी. तुमचं दहावीचं साल हाय. बुढा तुम्हाले मारन, अन् मले काय थे कमी बोलतीन?" मला हलकं वाटलं. आत जाऊन मी पुरणपोळी खाल्ली.

मी दहावी पास झालो. पुढं शिकलो नाही, शेवटी वखरच धरला, ती गोष्ट वेगळी.

गेल्या सात-आठ वर्षांपासून वावराचं काम पोरगा पाहते आणि सांदवाडी माझ्याकडं आली आहे. आता प्यायचं नळाचं पाणी येते, त्यातलं थोडं मिरचीला मिळते. दरसाल बाराच झाडं लावतो, वहिनीच्या हिशेबानं, आणि तोडणी झाली की वजन करून वहीत लिहितो. घरचे हसतात. बारा झाडांचा हिशेब कशाला? मला पाहायचं होतं.

२०१८ ला पाऊस दगा देऊन गेला, पुढं सरकारनं दुष्काळही जाहीर केला. बारा झाडांची मिळून चार किलो ओली मिरची, पण तिखट अशी की कापली तरी शिंक. तहानलेल्या झाडाची मिरची जळजळीत असते, हा आमच्याकडचा जुना अनुभव. २०१९ ला झाडं भरली होती, पण ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस जाईना, लाल व्हायला आलेली मिरची झाडावरच सडली. २०२० ला सतरा किलो. त्या साली टाळेबंदीमुळं घरात होतो एवढंच, वेगळं काही केलं नव्हतं. गावभर वाटली. तेव्हा मी दोन-चार लोकांना मिरची कशी लावावी यावर भाषणही दिलं, हे इथं कबूल करतो. सगळ्यात भारी झाडाचं बी धरून ठेवलं, आणि २०२२ ला ते लावलं. जसंच्या तसं केलं, वहीत पाहून केलं. सात किलो. त्यातल्या चार झाडांना जाड सालाची फिकी मिरची लागली, ठेचा गोडसर. नंतर उमगलं की बी धरलं त्या साली घरच्यांनी बाजूला ढोबळी मिरची लावली होती आणि मधमाश्यांनी आपलं काम केलं होतं. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोदकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला, पूर आले, आमच्याकडेही सांदवाडीत तीन दिवस पाणी तुंबलं. आठ झाडं मर लागून गेली.

ही वही वाचली तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक सालाचं कारण माझ्याजवळ आहे, आणि ते साल संपल्यावर आहे. आधी एकदाही नव्हतं. जून महिन्यात मला कोणी विचारलं असतं की यंदा किती, तर मी दरसाल एकच आकडा सांगितला असता. मग सतरा किलोवाल्या साली हात माझा होता, आणि चार किलोवाल्या साली आभाळाचा, असं म्हणायला मला लाज वाटली पाहिजे. पण सगळे कास्तकार असंच म्हणतात. आम्ही पुरुष माणसं वावरात नापिकी झाली की सरकार, पाऊस, भाव, बियाणं यांची नावं घेतो, आणि ती बहुतेक खरीही असतात. हात फिरला असं कोणी आमच्याबद्दल म्हणत नाही. एकाच गावात, एकाच पावसात, वावराचा दोष वर जाते आणि सांदवाडीचा दोष खाली येते.

इथं माझी एक अडचण आहे, ती झाकत नाही. वहिनीच्या हातात काहीच नव्हतं, सगळं आभाळाचं, असं म्हटलं तर तिच्या कष्टाचीही किंमत जाते. तसं नव्हतं. रोज पान उलटं करून पाहणारी बाई आणि न पाहणारी बाई यांत फरक आहे, आणि पाच-सात सालं धरली तर तो फरक दिसते. एका सालात तो दिसेलच असं नाही. पण माणसं पाच-सात सालं थांबत नाहीत. एका सुगीवर हात मोठा करतात, एका नापिकीवर तोडतात. कीर्तनकार दरसाल गीतेतलं कर्माचं आणि फळाचं सांगतात, सगळे माना डोलावतात, अन् घरी येऊन सुनेला फळावरूनच मोजतात.

माय वारली त्याच्या आधी दोन वर्षं अंथरुणाला होती. एका दुपारी मी तिला सांगून टाकलं, की त्या सालचं रोप वहिनीचं नव्हतंच, बकरीनं खाल्लं होतं, मी बाजारातून आणलं होतं. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "मले माहीत होतं. वाफ्यात लेंड्या होत्या. अन् आपलं रोप एवढं लांब कधी होत नव्हतं."

"मग तू वहिनीले काऊन बोलली?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोनाले तं म्हनाच लागते, बाबू. तू लेकरू होता."

मी मायला वाईट म्हणण्यासाठी हे लिहीत नाही. तीही कधी सून होती, तिच्याही डोक्यावर कोणाकोणाची खापरं फुटली असतील. पण त्या दिवसापासून ते 'कोनाले तं' माझ्या डोक्यातून जात नाही. गेल्या पन्नास वर्षांत मी गावात ढोर मेलं, पोर दगावलं, विहीर आटली, की हे 'कोनाले तं' फिरताना पाहिलं, आणि ते फिरत फिरत नेहमी अशाच दाराशी थांबलं जिथून उलट उत्तर येत नाही. गाडगेबाबा याच वऱ्हाडात हातात खराटा घेऊन फिरले. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, फार बरं झालं. बाईला चेटकीण म्हणून मारलं तर त्याला आता शिक्षा आहे. पण नैवेद्याच्या दिवशी बाईच्या हातातलं ताट दुसरीनं हळूच काढून घेतलं, तर ते कोणत्या कलमात बसते?

आणि माझं काय? मिरची आखडली त्याचा दोष माझ्याकडं येते की नाही, हे मला ठरवता येत नाही. काटी मी लावली नाही हे खरं. पण रोप घरचं असतं तरी माशी आली असती. त्या दोषाचे वाटे केले तर माझ्याकडं किती येईल, बकरीकडं किती, पऱ्हाटीकडं किती, कोणाला माहीत. पण मी गप्प बसलो त्यात माशी नव्हती, पाऊस नव्हता, बियाणं नव्हतं. ते सगळंच्या सगळं माझं होतं. मिरचीचं पीक सालोसाल बदलते, ते आपल्या हातात नाही. पण तोंड उघडायचं की नाही हे त्या दिवशी माझ्या हातात होतं, अन् सोपं होतं. फार तर दोन कानाखाली बसल्या असत्या.

१९७४ नंतर वहिनीनं मिरची लावली नाही. वांगी लावली, वाल लावला, सांबार लावला, मिरची नाही. कोणी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढं दादानं आणि तिनं बहिणीची पोरगी आणून वाढवली, तिचं लग्न केलं. आता दोघं आमच्या शेजारीच राहतात. मिरची बाजारातून पाव किलो, पाव किलो आणतात. मी दरसाल माझ्या तोडणीतली पिशवी नेऊन देतो. घेते.

पुण्याच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन गेलो आणि पहिल्यांदा बोललो. म्हटलं, "वहिनी, त्या साली मी सांगायला पायजे होतं." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोनत्या साली? मले काय आता आठवते, भाऊजी." मी बसून राहिलो. तिनं सुपातले खडे बाजूला केले, आणि मान वर न करता म्हणाली, "चार आन्याची जुडी होती. तुमच्या वहीच्या पैशाची."

मला पुढं बोलता येईना. म्हणून पुण्याच्या कुंड्यांची गोष्ट काढली. सून काय म्हणाली तेही सांगितलं. वहिनी म्हणाली, "लावा फोन."

मी लावून दिला. ती फोनमध्ये नेहमी ओरडूनच बोलते, पुणं लांब आहे म्हणून. "काय व, मिरची आखडली म्हने? रोप घरचं व्हय का बाजारचं?"

सुनेनं काहीतरी सांगितलं.

"विकतचं ना? मंग तुह्या हाताले काऊन नावं ठेवतं? आधी पान उलटून पाय. हाव, आताच पाय, मी थांबतो. खालून पांढरं दिसते का काही? चष्मा लाव."

बराच वेळ कोणी बोललं नाही. वहिनीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं मी आणलेल्या पिशवीतली एक मिरची काढून तिचं देठ पाहत होती.

"दिसते ना? आता थो शेंडा खुडून टाक. कुंडीत टाकू नोको, दूर टाक. अन् सकाळी राख... राख कुठून असन म्हना तुमच्याकडं. बरं, पान्यानं खालून धुजो मंग. रोज. अन् बी मी पाठवतो, पुढच्या साली थेच लावजो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "बी कुठलं पाठवता? तुमच्याकडं कुठं हाय?"

तिनं ती मिरची उजेडाकडं धरली. "हे वाळवीन ना," म्हणाली. "दोन-तीन झाडं मी बी लावून पायतो यंदा. न्हाणीजवळ. तुमच्याकडची बकरी तेवढी बांधून ठेवजा."

मी म्हटलं, आमच्याकडं आता बकरी नाही.

"तरी," ती म्हणाली.